सटवोजी धुमाळ, गोलंदाज

वहीच्या एका बाजूला तोफेच्या बैलांचा हिशेब:
हरभरा चार पायली, सरकी, नालबंदीचे दोन आणे.
वही उलटी धरली की
दुसऱ्या बाजूने देव सुरू होतो.

मोडी मला येत नाही.
दौलतगंजातले सोहोनी मास्तर वाचत गेले,
मी उतरवून घेत गेले.
मधे दोनदा लाइट गेली.

माझे खापरपणजोबा. शिंद्यांच्या तोफखान्यात.
डावा कान कामातून गेलेला,
म्हणून देवळात कायम डाव्या भिंतीला टेकून,
चांगला कान माणसांकडे करून बसायचे म्हणे.

अठ्ठावन्नचा जून, मुरारपलीकडचं माळरान.
समोरून आले ते तेच लोक,
ज्यांच्यासोबत होळीला भांग घोटली होती.
हुकूम झाला. बत्ती दिली.
एकच गोळा.
मग दोन्हीकडचे धावले ते एकमेकांच्या गळ्यातच पडले,
कोणी हसलं, कोणी शिव्या घातल्या,
आणि मैना नावाची ती तोफ
उन्हात नुसती तापत राहिली.
धुराच्या पलीकडे काय झालं
ते विचारावं तरी कोणाला?

त्यानंतर बावीस वर्षं वही कोरी.
कोणी सांगतं वीटभट्टीवर होते, कोणी चंबळच्या नावेवर.

मग छावणीतलं चर्च, पाण्याचं घंगाळ,
आणि पाद्री ऑर्चर्डसाहेब नवं नाव घेऊन उभे: तीमथ्य.
हे म्हणाले,
‘नाव सहाव्या रात्री सटवीनं दिलंय, साहेब. ते राहू द्या.
कपाळावरचं बाकी पुसता येतं का बघा.’

मेव्हण्याने पळसपानांचा पुतळा करून त्यांना जाळलं.
तेराव्याचे लाडू वाटणाऱ्या पोराने
चुकून त्यांच्याच दारात दिले.
लाडू बरे होते, असं वहीत आहे.

सगुणाबाई बाटली नाही.
तिने खंडोबाचा टाक गव्हाच्या कणगीत पुरला.
त्यांना ठाऊक होतं. कणगीतून गहू तेच काढायचे,
वरच्या वर, हात जपून.

सराफ्यात खंजिरी घेऊन उभे राहत.
साहेबाच्या विलायती चाली मराठीच्या अंगाला होईनात,
बाह्या लोंबत, गळा आवळे.
मग त्यांनी तोफेभोवतीची पावलं मोजली:
सहा, सहा, सहा, आणि चारात थांब.
पोरं मागून ओरडत, ‘तोपवाले बाबा, धडाम!’
ते त्या धडामवरच ठेका धरत.

गीत एकतिसावं.
सोहोनी मास्तर इथे चष्मा पुसायला थांबले.

सुटलेला गोळा । अजून आभाळी ।
कोणाच्या कपाळी । सांग देवा ॥
पसर रे धन्या । छेदलेला हात ।
पडू दे तो त्यात । एकदाचा ॥

शेजारी, बारीक अक्षरात:
‘घरात म्हणून दाखवलं. ही दळता दळता म्हणाली,
हाताला भोक आहे म्हणता,
मग गोळा खाली नाही का यायचा?’
त्याखाली उत्तर नाही.
शाईचा एक डाग, टाक बराच वेळ टेकवून ठेवल्यासारखा.

छापील पुस्तकात एकतिसावं गीत आहे.
ही दोन कडवी नाहीत. कमिटीने लिहिलं होतं,
उपासनेत दारूगोळा शोभत नाही.
शहाऐंशीत छावणी उठली, साहेब उठले,
हे राहिले. भांडायला समोर कोणी उरलं नाही.

परवा रविवारी एकतीस लागलं.
पेटीवर मीच होते.
तीन कडवी झाली, लोक खाली बसले,
माझा पाय भात्यावर हलतच राहिला,
हवा जात राहिली नुसती, सूर नसलेली.

घरी येऊन वही पुन्हा उघडली.
एकतिसाव्यानंतर गाणी संपतात,
कारण जागाच संपते:
दोन्ही बाजू तिथे समोरासमोर येतात,
आणि पलीकडच्या पानावर, उलट्या अक्षरांत,
जूनची शेवटची नोंद.
ती मला मोडी न येताही वाचता आली,
मास्तरांनी त्यावर बोट ठेवलं होतं तेवढा वेळ पुरला.

मैना. दारू अडीच शेर.
खर्च: गोळा एक.